पायऱ्या उतरणारं पान

काकूंच्या मागच्या खोलीत पाच कम्प्युटर होते आणि पाचांच्या पाच तऱ्हा. प्रत्येकावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यामुळे एकाला जे मानवे ते दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नसे. खिडकीजवळचा होता तो "परवानगी". साधी फाइल उघडायची म्हटली तरी तो दोनदा विचारणार, नक्की ना, खरंच ना. त्याच्या शेजारी "बाईसाहेब". दिसायला चकचकीत, वागायला तोलूनमापून, आणि परक्या घरची वायर अंगाला लावून घेतील तर शपथ. तिसरा "संन्यासी". त्याला चित्रं नकोत, रंग नकोत, माउस नको. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं एवढाच त्याचा संसार. चौथी "घाई", काम ऐन रंगात आलं की स्वतःला अपडेट करायला बसणारी. आणि कोपऱ्यात, घरघरत्या पंख्याची "म्हातारी". तिची सिस्टिम ज्यांनी बनवली त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवून बारा वर्षं झाली होती. काकूंनी नव्हती फिरवली.

रोज सकाळी आंघोळ आणि प्रार्थना झाली की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी काकू पाचही कम्प्युटर सुरू करायच्या आणि प्रत्येकावर "ठिपका" चालवून बघायच्या. हा त्यांचा नेम. अंगात ताप असो की दारात पाहुणे, नेमात खंड नाही.

ठिपका हा एक प्रोग्रॅम होता. त्यात साधा मजकूर घातला की तो त्याचं ब्रेल करायचा, म्हणजे अंध माणसांना बोटांनी वाचता येतील असे उठावाचे ठिपके, आणि ते छापणाऱ्या यंत्राकडे पाठवून द्यायचा. तो कुणा कंपनीच्या मालकीचा नव्हता. कुठले कुठले बाराजण आपापल्या घरी बसून, फावल्या वेळात तो लिहायचे, आणि लिहिलेलं सगळं उघड्यावर मांडलेलं असायचं. ज्याला हवं त्यानं वाचावं, सुधारावं, घरी न्यावं. काकू त्या बारांतल्याच एक, पण त्यांच्याकडे एकच काम होतं. नवा ठिपका बाहेर पडेपर्यंत तो रोज पाचही सिस्टिमवर सारखाच वागतो का ते बघायचं आणि वागला तर सगळ्यांसमोर एकच शब्द लिहायचा: "चालतं."

त्या एका शब्दाला वजन होतं. काकूंनी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली होती. काचेच्या नळ्या धुऊन, उजेडात धरून, एकही डाग नाही अशी खात्री करून मगच त्या उलट्या ठेवायच्या. त्याच नजरेनं त्या प्रोग्रॅम बघायच्या. त्यांनी "चालतं" म्हटलं की बाकीचे अकरा निर्धास्त.

त्या अकरांचा म्होरक्या होता मुकादम. हे नाव काकूंनीच दिलेलं. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. काय राहील, काय जाईल, सगळं तो ठरवायचा. माणूस कामाचा, पण शब्दांच्या बाबतीत असा चिकट की तीनाच्या वर चौथा शब्द लिहायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

मंगळवारी सकाळी काकू चहाचा कप घेऊन बसल्या आणि समोर मुकादमाचा निरोप.

"शुक्रवारपासून म्हातारी बंद."

म्हणजे नवा ठिपका शुक्रवारी दुपारी बारा वाजता निघणार आणि तो म्हातारीच्या सिस्टिमवर चालावा याची काळजी यापुढे कुणी घेणार नाही. काकूंचा चहा निवत चालला.

"का?" त्यांनी लिहिलं.

"वापरतं कोण?"

"माझी आत्या."

"एकटी?"

"एकटीच. पण आत्या आहे."

मग आलं, "पुरावा आणा. कागदावर." आणि त्याखाली, बहुधा मोठ्या कष्टानं, "शुक्रवार, बाराच्या आत."

काकूंची आत्या, वडिलांची सख्खी धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे अंधांचं वाचनालय चालवायची. ती स्वतः जन्मापासून आंधळी. एक लांबट खोली, चौदा खुर्च्या, भिंतीभर कपाटं आणि मध्ये टेबलावर ब्रेल छापणारं जुनं यंत्र. ते चालायला लागलं की सुतारपक्ष्यानं खोड ठोकावं तसा आवाज व्हायचा, म्हणून त्याचं नाव "सुतार". सुताराची पाठीमागची वायर हाताच्या पंजाएवढ्या रुंद खोबणीत बसायची, आणि तसली खोबण आता कुठल्याच नव्या कम्प्युटरला नसते. म्हणून आत्याकडेही म्हातारीच होती, काकूंच्या म्हातारीची जुळी. जुना ठिपका धरून बसावं तर तेही जमणार नव्हतं, कारण पुस्तकं पाठवणाऱ्या संस्थेनं पुढच्या महिन्यापासून फायलींची तऱ्हाच बदलायची ठरवली होती आणि त्या फायली नव्या ठिपक्यालाच उघडता येत होत्या. थोडक्यात, शुक्रवारी म्हातारी गेली की सुतार मुका, आणि सुतार मुका झाला की चौदा खुर्च्यांवरच्या वाचकांना जुनीच पुस्तकं परत परत चाचपत बसणं आलं.

बुधवारभर काकूंनी नवा ठिपका पाचही कम्प्युटरवर पिळून काढला. परवानगीनं अठरा वेळा विचारलं, नक्की ना. घाईनं मध्येच डोळे मिटले आणि अर्धा तास उघडले नाहीत. म्हातारी धापा टाकत का होईना, पण शेवटपर्यंत गेली. पडद्यावर सगळं कसं सरळ आणि स्वच्छ.

"कागदावरही असंच येईल," काकू जेवताना म्हणाल्या. "काळजीचं कारण नाही."

"मग उद्या मी येतो," मामंजी म्हणाले. मामंजी म्हणजे काकूंचे सासरे. वय ब्याऐंशी, कणा ताठ, छत्तीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात टंकलेखक. "कागदाचा गठ्ठा जड असतो. विहीणबाईंना उचलवणार नाही."

गठ्ठा आत्या एका हातानं उचलायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजी आठवड्यातून चार वेळा कसला ना कसला गठ्ठा घेऊन तिकडे जायचे आणि भांडून ताजेतवाने होऊन परत यायचे, हेही ठाऊक होतं.

गुरुवारी दहाच्या सुमाराला दोघं वाचनालयात पोचले. पावलांवरून आत्यानं ओळखलं.

"या व्याहीबुवा. आज काय वाहून आणलंत?"

"कागद."

"परवाही कागदच होता. तुमच्या घरात कागद उगवतो का हो?"

"विहीणबाई, तुम्हाला मदत केली तरी तुमचं तोंड..."

"तोंड चालतंय तोवर माणूस चालतोय," आत्या म्हणाली. "बस गं पोरी. चेहरा का उतरलाय?"

"तुला कसं कळलं?"

"खुर्ची हळू ओढलीस. तू खुशीत असलीस की खुर्ची किंचाळते."

काकूंनी मुकादमाचं सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारा वर्षं झाली म्हणून सोडायचं? मग मला तर त्यानं केव्हाच सोडलं असतं. चालव बघू."

काकूंनी नवा ठिपका आत्याच्या म्हातारीवर चढवला, चाचणीचं ठरलेलं पान काढलं आणि बटण दाबलं. सुतार ठोकायला लागला. टक-टक-टक-टक. पण आत्यानं मान तिरकी केली.

"आज ह्याचा ठेका का चुकतोय?"

पान बाहेर आलं. आत्यानं ते पुढ्यात घेतलं, दोन्ही हातांची बोटं पहिल्या ओळीवर ठेवली आणि उजवीकडे नेली. मग सवयीप्रमाणे दुसऱ्या ओळीसाठी डावीकडे आणली. डावीकडे काहीच नव्हतं. तिनं चाचपलं. दुसरी ओळ पहिली जिथं संपली होती तिथून, एक पायरी खाली सुरू होत होती. तिसरी तिच्याही पुढून.

"अगं, हे पान आहे की जिना?" आत्या म्हणाली. "मी तिसऱ्या पायरीवर आले. मला धाप लागली."

"काय?"

"थांब, उतरते अजून." बोटं पानाच्या उजव्या काठाशी गेली आणि तिथं तर्जनी आरपार बाहेर आली. पुढच्या सगळ्या ओळी जागा नाही म्हणून काठाशीच एकावर एक ठोकल्या गेल्या होत्या आणि कागदाला बोराएवढं भोक पडलं होतं. आत्यानं ते बोट हलवून दाखवलं. "आणि तळमजल्यावर विहीर."

मामंजी खो खो हसले. काकूंना हसू येईना. त्यांनी पुन्हा छापलं. पुन्हा जिना, पुन्हा विहीर. तिसऱ्यांदा वायर काढून घातली. विहीर थोडी रुंद झाली एवढंच.

शेवटी त्यांनी फोन काढला आणि मुकादमाला लिहिलं, "कागदावर ओळी तिरप्या जातात. म्हातारीचीच खोड दिसते." लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण दुसरं काय म्हणणार? बाकीच्या चार सिस्टिमना जोडलेल्या दुसऱ्या यंत्रांवर बाकीचे लोक गेला आठवडाभर छापत होते आणि कुणाचीच ओळ तिरपी जात नव्हती. तिरपी जात होती ती एकट्या म्हातारीवर.

उत्तर लगेच आलं. "खोड? मग सोडू."

आणि त्याचंही बरोबर होतं. सोमवारपासून ठिपक्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. अपवाद एकच: या नव्या ठिपक्यानंच जर काही मोडलं असेल तर तेवढं दुरुस्त करायचं. कुणाच्या जुन्या खोडी शेवटच्या दिवशी काढत बसायचं नाही.

मामंजींनी ते पान उचललं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं आणि ठिपके कसे खाली खाली गेलेत ते बोटानं बघत राहिले. बघता बघता त्यांचा डावा हात आपोआप वर आला आणि हवेतच उजवीकडे झटकला गेला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"माशी मारताय का?" वाऱ्याच्या झुळकीवरून आत्यानं विचारलं.

"नाही हो. ह्याला डावा हात नाही."

"कुणाला?"

"ह्या तुमच्या यंत्राला." मामंजी खुर्ची सरकवून पुढे आले. ऑफिसात नव्या टंकलेखकाला शिकवायचे तोच आवाज लागला. "सूनबाई, टाइपरायटरवर ओळ संपली की कामं दोन असतात. एक म्हणजे कागद ओळभर वर सरकवायचा. दुसरं म्हणजे गाडी ढकलून परत सुरुवातीला न्यायची. डाव्या हाताच्या एका दांडीनं दोन्ही व्हायची म्हणून लोकांना वाटतं काम एकच. पण आमच्याकडे एक नवीन बाई आल्या होत्या, त्या नुसताच रूळ फिरवायच्या. त्यांचं पहिलं पत्र असंच निघालं होतं. हुबेहूब. वकीलसाहेबांनी ते भिंतीला लावलं होतं."

काकूंनी पानाकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

कारण त्यांना ठाऊक होतं. ठिपक्यातही ओळीच्या शेवटी दोन खुणा असायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन खुणा. एक "खाली जा" सांगणारी आणि एक "मागे ये" सांगणारी. असायच्या, चार महिन्यांपूर्वीपर्यंत. तेव्हा काकू रोजच्या नेमाला संन्याशासमोर बसल्या असताना त्यांना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चमत्कारिक चिन्ह दिसलं. संन्याशाला "खाली जा" एवढंच पुरतं. मागे यायचं तो आपणहून समजतो. त्यामुळे दुसरी खूण त्याला परकी वाटून तो ती पडद्यावर मांडून ठेवायचा. एकशे चाळीस फायली, हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेपटीला तो डाग. सत्तावीस वर्षं काचेवरचे डाग काढलेल्या बाईला ते बघवणार कसं? काकूंनी पदर खोचला आणि दोन दिवसांत झाडून सगळ्या फायली लखलखीत केल्या. छपाईकडे जाणाऱ्या ओळींसकट. मुकादमानं तेव्हा चक्क चार शब्द लिहिले होते: "छान. स्वच्छ झालं. आभार." तो निरोप काकूंनी अजून जपून ठेवला होता.

बाकीच्या सिस्टिम छपाईच्या वेळी ती राहिलेली खूण गुपचूप स्वतः भरून द्यायच्या. म्हातारी भरत नव्हती. तिच्या हातात जे ठेवाल ते ती जसंच्या तसं सुताराला नेऊन द्यायची. घरी सुतार नव्हता आणि आत्याकडे आजवर जुनाच ठिपका होता, म्हणून कधी कळलंच नाही.

"मामंजी," काकू हळूच म्हणाल्या, "त्या नवीन बाई म्हणजे मी."

त्यांनी सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती, तिचं बोट अजून त्या भोकात.

"म्हणजे तू केर काढलास," ती म्हणाली, "आणि केराबरोबर दाराची कडीही सुपलीत भरून टाकून आलीस."

"हो."

"आणि वर म्हातारीला नावं ठेवलीस. खोड म्हणे."

"हो गं आत्या."

"मग आता दुःख कसलं? खोड नाही ना? नव्या ठिपक्यानंच मोडलंय ना? तर दुरुस्त करायला मोकळी आहेस."

हे काकूंच्याही लक्षात आलं होतं. पण त्याबरोबर दुसरंही लक्षात आलं होतं. हे मोडलं नव्यानंच, हे मुकादमाला दाखवायचं म्हणजे ते कधी मोडलं, कुणी मोडलं, त्याची तारीख दाखवायला हवी. त्या तारखेपुढे काकू होत्या. आणि त्यानंतर चार महिने, रोज सकाळी, काकूंनीच लिहिलं होतं, "चालतं."

मामंजी सुनेचा चेहरा वाचण्यात तयार होते. "हे बघा, आमच्या ऑफिसात याला एक छान वाक्य होतं," ते म्हणाले. "'अनवधानाने झाले आहे.' झालं. कुणाच्या अनवधानानं ते लिहायचं नाही. छत्तीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही."

"विचारायचं काय? सगळ्यांना माहीत असायचं, तुमच्या," आत्या म्हणाली.

"विहीणबाई!"

काकूंना वाक्य आवडलं, अगदी खरं सांगायचं तर. घरी जाताना दोन गल्ल्या त्या तेच वाक्य मनात घोळवत होत्या. आपला तो एकच शब्द. इतकी वर्षं कुणी त्यावर शंका घेतली नव्हती. आता त्यांनी "चालतं" म्हटलं की अकराजण मनात म्हणणार, काकूंना वाटतंय हो, पण बघायला हवं. वाकड्या ओळी सरळ करता येतील. तो शब्द कसा सरळ करायचा?

पण आधी काम. काकू प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या, तपासणाऱ्यांतल्या होत्या. तरी नऊ ओळींपुरतं त्यांना येत होतं. त्यांनी ठिपक्याला एक प्रश्न विचारायला शिकवलं: तू कुठं चाललायस? पडद्याकडे चालला असशील तर एकच खूण घेऊन जा, संन्याशाच्या डोळ्यांत खुपायला नको. छपाईकडे चालला असशील तर दोन्ही घे. मग पाचही कम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून. परवानगीनं विचारलं, नक्की ना? "नक्की रे बाबा," काकू मोठ्यानं म्हणाल्या. बाईसाहेबांनी नाक न मुरडता करून दिलं. संन्याशाच्या पडद्यावर डाग नाही. घाई, आश्चर्य म्हणजे, जागी राहिली. म्हातारीसमोर बसल्यावर काकूंनी तिच्या घरघरत्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसल्या तेव्हाही मनात ते मामंजींचं वाक्य येऊन बसलं होतं. प्रार्थना संपेस्तोवर ते उठून गेलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिघं पुन्हा सुताराभोवती. मामंजींनी आज गठ्ठा आणला नव्हता. निमित्त शोधायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"काय छापतेस?" आत्यानं विचारलं. "तेच पान असेल तर मी नाही वाचणार. 'हे चाचणीचे पान आहे. हे चाचणीचे पान आहे.' आठ वर्षं तेच. देवाचं नावसुद्धा इतक्यांदा घेतलं नसेल मी."

"दुसरं आहे आज," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

टक-टक-टक-टक-टक. आणि मग ओळीच्या शेवटी: घर्र, ठक! मामंजींचा डावा हात हवेत झटकला गेला. टक-टक-टक-टक. घर्र, ठक! पुन्हा हात. आत्याची मान ठेक्यात डुलायला लागली.

पान बाहेर आलं. आत्यानं बोटं ठेवली, उजवीकडे नेली, डावीकडे आणली, आणि दुसरी ओळ जिथं असायला हवी तिथंच होती.

"आली की गं घरी," ती पुटपुटली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'मुकादम यांस. म्हातारीची काही खोड नाही. चार महिन्यांपूर्वी मी ओळींच्या शेवटच्या खुणा डाग समजून पुसल्या. त्यात छपाईची खूण गेली. पडद्यावर दिसलं तेवढंच मी पाहिलं, कागद पाहिला नाही, आणि तरीही रोज चालतं असं लिहिलं. चूक माझी आहे. दुरुस्ती सोबत आहे. हे पान म्हातारीवर, त्याच दुरुस्तीनं छापलेलं आहे. काकू.'"

आत्याची बोटं शेवटच्या शब्दावर थांबली.

"अनवधानानं नाही लिहिलंत," मामंजी म्हणाले.

"नव्हतंच ते अनवधान, मामंजी. चांगलं दोन दिवस ध्यान देऊन केलं होतं."

आता पुरावा पाठवायचा होता. काकूंनी पान टेबलावर सपाट ठेवलं, फोटो काढला, नऊ ओळींबरोबर पाठवून दिला. दोन मिनिटांनी उत्तर आलं.

"कोरा कागद आहे."

"काय म्हणतो?" आत्यानं विचारलं.

"कोरा आहे म्हणतो. पांढऱ्यावर पांढरे ठिपके, त्याला दिसणार कसे?"

"अगंबाई! डोळे असून त्याला वाचता येईना?" आत्याला इतकं हसू फुटलं की तिनं टेबलावर डोकं ठेवलं. "बिचारा. सांग त्याला, माझ्याकडे एक खुर्ची रिकामी आहे."

मामंजींनी पान उचललं, खिडकीपाशी नेलं आणि तिरपं धरलं. सकाळचं ऊन कागदावरून आडवं सरकलं आणि एकेका ठिपक्याच्या पायाशी बारीकशी सावली पडली. ओळीमागून ओळ, सगळ्या डाव्या काठाला नेमक्या टेकलेल्या. काकूंनी फोटो काढला, पाठवला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

साडेदहा. अकरा. मामंजींनी दोनदा घड्याळाला किल्ली दिली. आत्या ते पान पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू त्यात काही नवं निघणार आहे. काकूंच्या मनात येत होतं, ठिपके नजरेनं वाचायला त्याला वेळ लागत असेल. मग येत होतं, वाचून झालं असेल आणि काय लिहावं ते सुचत नसेल. मग त्यांनी मनातल्या मनात नाम घ्यायला सुरुवात केली.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन थरथरला.

"वाचलं," काकूंनी वाचून दाखवलं. मग पुढचं, "ओळी सरळ आहेत."

"ते आम्हालाही कळतंय," मामंजी म्हणाले. "पुढे?"

पुढचं यायला चार मिनिटं लागली. काकूंनी आधी मनात वाचलं, मग शब्द मोजले, मग पुन्हा मोजले. "'तुमची सफाई मंजूर मीच केली होती. छपाईची खूण जातेय, हे मला दिसायला हवं होतं. तुम्ही तारखेसकट दाखवलंत म्हणून आज दुरुस्ती घेता आली. म्हातारी राहील.' मामंजी, चोवीस शब्द!"

"हात दुखला असेल त्याचा," मामंजी म्हणाले. "डावा असो की उजवा."

"थांबा, अजून आहे. 'एक अट.'"

तिघंही सरसावून बसले.

"'यापुढे कागद आत्यांनी वाचायचा. त्यांनी चालतं म्हटल्यावरच तुम्ही चालतं लिहायचं.'"

काकूंना वाटलं होतं तसं ते बोचलं नाही. उलट खांद्यावरचं काहीतरी कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचललं, असं वाटलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पानावर हात ठेवून, मान वर करून, विचार केल्यासारखं करत होती. तिचं उत्तर ठरलेलं होतं, पण मुकादमाला थोडं ताटकळत ठेवायचं होतं.

"माझीही अट आहे म्हणावं," ती म्हणाली. "'हे चाचणीचे पान आहे' मी वाचणार नाही. दर वेळी मजकूर नवा हवा, आणि खरा हवा. आजच्यासारखा."

"दर वेळी मी चुका कुठून आणू, आत्या?"

"व्याहीबुवांकडे छत्तीस वर्षांच्या आहेत. त्या वापर."

"विहीणबाई, मी उद्यापासून यायचा नाही," मामंजी म्हणाले आणि खुर्चीत आणखी आरामात टेकले.

बाराला पाच मिनिटं असताना काकूंनी फोन आत्यापुढे धरला, जणू तिला तो दिसणारच होता.

"आत्या, म्हण."

आत्यानं पानाच्या पहिल्या ओळीवर बोटं ठेवली, उजव्या काठापर्यंत नेली, परत आणली, दुसरी ओळ लागल्याची खात्री केली.

"चालतं," ती म्हणाली.

काकूंनी तो शब्द लिहिला, पाठवला, आणि पान घडी न पाडता उचलून आत्याच्या कपाटाशी गेल्या. "हे कुठं ठेवू? गोष्टींच्या कप्प्यात की खऱ्या हकिकतींच्या?"

"दारापाशी लाव," आत्या म्हणाली. "नवीन बाईंचं पहिलं पत्र आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागेल अशा उंचीवर."